गोळ्या थांबवा! प्रोस्टेट कॅन्सर टाळायला निघालेल्या ५४ हजार पुरुषांची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मसुदा. बोलताना जिथे अडखळलो, खोकलो आणि चहा प्यायलो, ते काढून टाकलंय. बाकी तसंच ठेवलंय.)



ऑक्टोबर २००८. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको. तिथल्या ३५ हजारांहून जास्त पुरुषांच्या घरी एक पत्र जायला लागलं. हे सगळे पन्नाशी-पंचावन्नच्या पुढचे, धडधाकट लोक. कुणालाही कॅन्सर नव्हता. त्यातले काही जण २००१ पासून रोज न चुकता गोळ्या घेत होते. पत्रात थोडक्यात एवढंच होतं की आता गोळ्या घेणं थांबवा.

त्या गोळ्यांत काही भयंकर नव्हतं. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम. तुमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये काउंटरवरच्या बरणीशेजारी जे 'मेन्स मल्टिव्हिटॅमिन' ठेवलेलं असतं ना, त्याच्या लेबलवर ही दोन्ही नावं बऱ्याचदा सापडतात. मी परवा शॉपिंग ॲपवर बसून आठ-दहा बाटल्यांची लेबलं झूम करून वाचली. एकावर तर चक्क 'प्रोस्टेट सपोर्ट' असं लिहिलेलं होतं.

तर आजचा एपिसोड हा आहे: प्रोस्टेटचा कॅन्सर होऊच नये म्हणून माणसाने काय काय करून पाहिलं आणि त्यातून काय हाती लागलं. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण ही गोष्ट जितकी शरीराची आहे तितकीच डेटाची आहे, आणि ते दुसरं थोडंफार कळतं.

आधी प्रोस्टेट म्हणजे काय ते. मराठी पुस्तकांत हिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली बसलेली, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. वय वाढलं की ती फुगते आणि नळीला दाबते, म्हणून आजोबा रात्री चार-चार वेळा उठतात. ते फुगणं म्हणजे कॅन्सर नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन वेगळे आजार आहेत. घरोघरी त्यांची सरमिसळ होते, कारण या विषयावर आपल्याकडे कुणी तोंडच उघडत नाही. वडील मुलाशी बोलत नाहीत, मुलगा वडिलांना विचारत नाही, आणि मधल्या मध्ये व्हॉट्सॲपवर 'टोमॅटो खा, प्रोस्टेट वाचवा' असं फॉरवर्ड फिरत राहतं. त्या टोमॅटोपर्यंत पण येणार आहोत आपण.

आता थोडं मागे जाऊ. १८५३ साली लंडन हॉस्पिटलमधल्या जे. ॲडम्स नावाच्या सर्जनने मायक्रोस्कोपखाली तपासून प्रोस्टेट कॅन्सरची एक केस नोंदवली आणि लिहिलं, की हा अगदी दुर्मिळ आजार आहे. आज जगात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा पहिल्या दोन-तीन नंबरांत असतो. मग दीडशे वर्षांत असं झालं काय? एक तर माणूस तेव्हा तेवढा जगतच नव्हता. हा कॅन्सर मुख्यतः साठीनंतरचा. आणि दुसरं म्हणजे तेव्हा शोधायचं साधनच नव्हतं.

हे दुसरं कारण १९३५ साली फार ठळकपणे समोर आलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये अर्नोल्ड रिच नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी पन्नाशीच्या पुढच्या २९२ पुरुषांच्या शवविच्छेदनाचा हिशोब मांडला. ही माणसं वेगवेगळ्या कारणांनी गेलेली. त्यांच्यापैकी १४ टक्के लोकांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर सापडला. म्हणजे सातातल्या एकाला कॅन्सर होता, आणि बहुतेकांना तो आहे हे मरेपर्यंत कळलंही नाही, त्याने त्रासही दिला नाही. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भानगडी इथूनच सुरू होतात. 'कॅन्सर आहे' आणि 'कॅन्सरमुळे माणूस जाणार आहे' ही इथे दोन अगदी निरनिराळी वाक्यं आहेत.

मग १९४१. शिकागो विद्यापीठातले चार्ल्स हगिन्स. हे कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम करायचे, कारण माणसाखेरीज ज्या प्राण्याला हा कॅन्सर आपसूक होताना दिसतो तो मुख्यतः कुत्राच. हगिन्सनी दाखवलं, की ही ग्रंथी पुरुषी हॉर्मोनवर जगते. पसरलेला कॅन्सर असलेल्या रुग्णांचं वृषण काढलं किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिलं, की गाठी आकसायच्या, हाडांचं दुखणं कमी व्हायचं. हॉर्मोन थांबवून कॅन्सर रोखता येतो, ही कल्पना तेव्हा इतकी नवी होती की त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता कुणाच्याही मनात येईल: हॉर्मोन कमी केल्यावर झालेला कॅन्सर आकसतो, तर आधीच थोडं कमी केलं तर होणारच नाही का? प्रश्न बरोबर आहे. पण त्यासाठी कुणी स्वतःचं वृषण काढून घेणार आहे का?

उत्तर आलं कॅरिबियनमधल्या एका गावातून. डोमिनिकन रिपब्लिकच्या नैर्ऋत्येला सालिनास नावाचं गाव आहे. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची, मुली म्हणूनच वाढायची, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांचं शरीर मुलग्याचं व्हायला लागायचं. गावाला याचं फार नवल नव्हतं. त्यासाठी त्यांच्या बोलीत शब्दसुद्धा होता. कॉर्नेलच्या डॉक्टर ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली तिथे पोचल्या, आणि १९७४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी कारण मांडलं. शरीरात टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डीएचटी नावाच्या आणखी जोरदार हॉर्मोनमध्ये होतं. ते करणारं एन्झाइम म्हणजे ५-अल्फा रिडक्टेज. या मुलांमध्ये ते एन्झाइम जन्मापासूनच कमी होतं. मोठेपणी ते पूर्ण पुरुष व्हायचे, आवाज फुटायचा, स्नायू भरायचे. फक्त दोन गोष्टी वेगळ्या असायच्या: त्यांची प्रोस्टेट आयुष्यभर छोटी राहायची, आणि त्यांना टक्कल पडायचं नाही.

हे वाचून मर्क कंपनीतल्या संशोधकांचे कान टवकारले. ते एन्झाइम अडवणारी गोळी बनवली तर? तीच गोळी म्हणजे फिनास्टेराइड. १९९२ साली ५ मिलिग्रॅमची गोळी फुगलेल्या प्रोस्टेटसाठी मंजूर झाली आणि १९९७ साली १ मिलिग्रॅमची केसगळतीसाठी. होय मंडळी, तीच. आपल्या वयाच्या पोरांच्या ड्रॉवरमध्ये जी असते तीच. तिच्याबद्दल शेवटी बोलू, कारण त्यात एक कामाची गोष्ट आहे.

आणि इथून १९९३ साली पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. नाव पीसीपीटी. ५५ वर्षं आणि त्यापुढचे १८,८८२ निरोगी पुरुष. अर्ध्यांना रोज ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड, अर्ध्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. कुणाला कुठली, हे त्यांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सात वर्षं. आणि सात वर्षांनंतर सगळ्यांना विचारायचं, की बायोप्सी करून घ्याल का? काही तक्रार असो वा नसो. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे.

ते सात वर्षं गोळ्या गिळत असताना बाहेर एक वेगळंच वादळ चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पीएसए टेस्ट. प्रोस्टेट एक प्रथिन बनवते, त्यातलं थोडं रक्तात उतरतं, ते मोजायचं. १९८६ साली अमेरिकेत ही टेस्ट मंजूर झाली ती आधीच कॅन्सर असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवायला. पण डॉक्टरांनी ती धडधाकट माणसांवर वापरायला सुरुवात केली, आणि १९९४ मध्ये त्यालाही मंजुरी आली. परिणाम असा, की अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण एकदम उसळलं आणि १९९२ मध्ये शिखरावर पोचलं. लोक अचानक जास्त आजारी पडायला लागले होते का? नाही. रिच साहेबांना १९३५ मध्ये शवागारात जे सापडलं होतं, ते आता जिवंत माणसांत सापडायला लागलं होतं.

आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये हे रोज होतं. टेस्टर दुप्पट केले की बग दुप्पट सापडतात. कोड काही एका रात्रीत खराब झालेला नसतो. फरक एवढाच, की बग सापडला तर आपण तिकीट उघडून बाजूला ठेवू शकतो. माणसाला 'तुम्हाला कॅन्सर आहे, पण तो बाजूला ठेवू' असं सांगितलं तर तो झोपेल का? त्या काळात बहुतेकांनी ऑपरेशन किंवा रेडिएशन करून घेतलं. त्यातल्या अनेकांना पुढे लघवीवर ताबा न राहणं, लैंगिक ताठरता जाणं, हे सोसावं लागलं. काहींचा जीव त्याने नक्कीच वाचला. बाकीच्यांच्या कॅन्सरने त्यांना कधी हातही लावला नसता. कोण कुठल्या गटातला, हे त्या वेळी सांगता येत नव्हतं.

ठीक आहे, परत पीसीपीटी. २००३ चा उन्हाळा. निकाल इतका स्पष्ट दिसायला लागला की प्रयोग ठरलेल्या वेळेच्या १५ महिने आधीच थांबवला. कोरी गोळी घेणाऱ्यांत २४.४ टक्के लोकांना कॅन्सर सापडला. फिनास्टेराइडवाल्यांत १८.४ टक्के. म्हणजे धोका जवळपास चौथाईने कमी. माणसाच्या इतिहासात पहिल्यांदाच एका गोळीने प्रोस्टेट कॅन्सर टळतो हे एवढ्या मोठ्या प्रयोगात सिद्ध झालं होतं.

पण जल्लोष झाला नाही. दोन कारणं.

पहिलं, तो २४.४ चा आकडा. प्रयोग आखताना गृहीत धरलं होतं की कोऱ्या गोळीवाल्यांत ६ टक्क्यांना कॅन्सर निघेल. निघाला चौपट! कारण या वेळी तक्रार नसलेल्यांचीही बायोप्सी झाली होती. पीएसए 'नॉर्मल' असलेल्या २,९५० जणांचा वेगळा हिशोब २००४ मध्ये छापून आला, त्यात १५.२ टक्क्यांना कॅन्सर होता. मग टळलेले कॅन्सर नक्की कुठले? जे मारणार होते ते, की जे नुसते पडून राहणार होते ते?

दुसरं कारण जास्त घाबरवणारं. प्रोस्टेटच्या गाठी किती आक्रमक आहेत हे ग्लीसन नावाच्या मोजपट्टीवर ठरवतात. आक्रमक गाठींचं प्रमाण फिनास्टेराइडवाल्यांत ६.४ टक्के होतं आणि कोऱ्या गोळीवाल्यांत ५.१. म्हणजे गोळी साधे कॅन्सर टाळते आणि वाईट कॅन्सर वाढवते? निरोगी माणसाला द्यायच्या गोळीत हे कोण खपवून घेईल?

इथे मला डेटाची सगळ्यात सुंदर उलटतपासणी वाटते ती आली. फिनास्टेराइडने प्रोस्टेट आकसते. प्रयोगात ती सुमारे चौथाईने लहान झाली होती. आता विचार करा. बायोप्सीत साधारण सहा ठिकाणी सुई खुपसतात. एका मोठ्या कलिंगडात सहा ठिकाणी सुई खुपसली आणि एका संत्र्यात सहा ठिकाणी खुपसली, तर किडका भाग कशात पटकन सापडेल? संत्र्यात. शिवाय या गोळीने साधी सूज कमी होते, त्यामुळे उरलेला पीएसए गंभीर गाठींबद्दल जास्त खरं बोलतो. म्हणजे गोळीने वाईट कॅन्सर वाढवले नसतील, ते फक्त सापडायला सोपे केले असतील. पुढच्या दहा वर्षांत एकामागून एक विश्लेषणं याच दिशेने आली.

पण 'नसतील' या शब्दावर औषध विकता येत नाही. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागारांपुढे फिनास्टेराइड आणि तिची धाकटी बहीण ड्युटास्टेराइड, दोघींचा प्रश्न आला. ड्युटास्टेराइडच्या चार वर्षांच्या प्रयोगातही धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाला होता आणि तिथेही आक्रमक गाठींचा तसाच प्रश्न उभा राहिला होता. सल्लागार नाही म्हणाले. जून २०११ मध्ये लेबलवर उलट इशारा छापला गेला. कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून ही गोळी आजवर मंजूर झालेली नाही.

माझं मत विचाराल तर त्या सल्लागारांच्या जागी मीसुद्धा हेच केलं असतं. बरं नसलेल्या माणसाला धोका पत्करायला सांगणं वेगळं, आणि बऱ्या माणसाला सांगणं वेगळं.

आता गोष्टीचा दुसरा धागा. हा फिनलंडमधून सुरू होतो.

१९८५ साली तिथल्या नैर्ऋत्य भागातल्या २९,१३३ पुरुषांवर एक प्रयोग सुरू झाला. सगळे ५० ते ६९ वर्षांचे, सगळे सिगारेट ओढणारे. प्रश्न फुफ्फुसाच्या कॅन्सरचा होता. भाज्या-फळं खाणाऱ्यांना तो कमी होतो असं दिसत होतं. मग भाज्यांमधलं बीटा कॅरोटीन काढून गोळीत घालून दिलं तर? काहींना ते दिलं, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. १९९४ मध्ये निकाल आला आणि सगळे गार पडले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! दोन वर्षांनी अमेरिकेतल्या अशाच एका प्रयोगातही तेच दिसलं आणि तोही मधेच बंद करावा लागला. गाजर खाल्ल्याने जे होतं ते गाजरातलं एक रसायन गिळल्याने होत नाही, एवढं तरी तेव्हाच कळायला हवं होतं.

पण त्याच फिनलंडच्या डेटामध्ये एका कोपऱ्यात एक छान आकडा चमकत होता. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर ३२ टक्क्यांनी कमी. १९९८ मध्ये तो छापून आला. त्याच सुमाराला अमेरिकेत दुसरा आकडा चमकला. लॅरी क्लार्क यांनी १,३१२ लोकांना त्वचेच्या कॅन्सरसाठी सेलेनियम देऊन पाहिलं होतं. त्वचेच्या कॅन्सरवर उपयोग शून्य. पण प्रोस्टेट कॅन्सर जवळपास दोन-तृतीयांशाने कमी!

आता इथे जरा थांबा. दोन्ही प्रयोग प्रोस्टेटसाठी केलेलेच नव्हते. फिनलंडमध्ये एकूण केसेस होत्या २४६, अमेरिकेत तर पन्नासच्या आत. आमच्या ऑफिसात एक डॅशबोर्ड आहे, त्यावर चाळीसेक ग्राफ आहेत. कुठलाही नवीन फीचर सोडला की त्या चाळीसपैकी दोन-तीन ग्राफ वर जातातच. मॅनेजर लोक नेमका तोच स्क्रीनशॉट प्रेझेंटेशनमध्ये टाकतात. त्याने फीचर चांगला ठरत नाही, चाळीस ग्राफ बघितले एवढंच ठरतं. शास्त्रज्ञांना हे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी बाटल्या विकायला न काढता मोठा, नेमका प्रोस्टेटसाठीचा प्रयोग काढला. बाटल्या विकणाऱ्यांनी मात्र थांबायची तसदी घेतली नाही.

तो प्रयोग म्हणजे सिलेक्ट. २००१ ला सुरू. ३५,५३३ पुरुष, चारशेहून जास्त केंद्रं. वयाची अट ५५, पण कृष्णवर्णीय पुरुषांसाठी ५०, कारण अमेरिकेत त्यांना हा कॅन्सर जास्त होतो, लवकर होतो, आणि त्याने मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. सेलेनियम रोज २०० मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट. चार गट: हे, ते, दोन्ही, काहीच नाही. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या पायाच्या नखांची कात्रणं जमा करून ठेवली, कारण शरीरात सेलेनियम किती आहे ते नखांवरून कळतं. हजारो माणसांच्या नखांच्या पुड्या जपून ठेवलेलं ते कपाट डोळ्यांसमोर आणून बघा! ती नखं नंतर फार कामाला आली.

२००८ च्या शरद ऋतूत देखरेख समितीने आकडे उघडले. फायदा काहीच नाही. उलट व्हिटॅमिन ईच्या गटात प्रोस्टेट कॅन्सर थोडे जास्त, सेलेनियमच्या गटात मधुमेह थोडा जास्त. दोन्ही फरक इतके लहान की योगायोगही असू शकेल. पण फायदा होण्याची आशा संपली होती. म्हणून ती पत्रं.

गोळ्या थांबल्या, लोकांवर लक्ष ठेवणं थांबलं नाही. २०११ मध्ये आकडे पुन्हा मोजले. या वेळी तो योगायोग नव्हता. सात वर्षांत कोऱ्या गोळीवाल्या दर हजार पुरुषांमागे ६५ जणांना प्रोस्टेट कॅन्सर झाला. नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत ७६. म्हणजे १७ टक्के जास्त. जो आजार टाळायला गोळी दिली, तोच गोळीने वाढवला. आणि गोळी थांबून तीन वर्षं होत आली तरी परिणाम उतरला नव्हता.

मग २०१४ मध्ये नखं बाहेर आली. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होतं, त्यांनी वर आणखी सेलेनियम घेतलं तर आक्रमक कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी वाढला होता. आणि ज्यांच्यात सेलेनियम कमी होतं, त्यांना व्हिटॅमिन ईने एकूण धोका ६३ टक्क्यांनी वाढवला होता. टाकी भरलेली असताना वरून ओतत राहिलं तर सांडतं, एवढं तर आपल्याला रोजच्या पाणी भरण्यातूनही कळतं. पण 'नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी काय होणार' हा समज जात नाही. मला वाईट वाटतं ते या माणसांचं. ते स्वतःहून पुढे आले होते, पुढच्या पिढीला कळावं म्हणून. त्यातल्या काहींना तो कॅन्सर कदाचित झालाच नसता. आणि आज, त्यांनी एवढी किंमत मोजून आणलेली माहिती समोर असताना, बाटलीवर 'प्रोस्टेट सपोर्ट' छापून तीच जोडी विकली जाते.

टोमॅटोचं राहिलं. १९९५ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड जोव्हानुची यांनी सुमारे ४८ हजार पुरुषांच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या. टोमॅटो, टोमॅटो सॉस आणि पिझ्झा आठवड्यातून दहापेक्षा जास्त वेळा खाणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर ३५ टक्क्यांनी कमी दिसला. पिझ्झा कंपन्यांनी यावर उड्या कशा मारल्या नाहीत हेच नवल. पण हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. टोमॅटो भरपूर खाणारा माणूस आणखी शंभर बाबतीत वेगळा असू शकतो. नंतरच्या अभ्यासांत कधी फायदा दिसला, कधी नाही, आणि एफडीएने २००५ मध्ये तपासून पुरावा फारच तोकडा ठरवला. टोमॅटोचं सार प्या, कोशिंबीर खा, चवीसाठी खा. लायकोपीनच्या गोळ्यांवर पैसे घालवायचे की नाही ते फिनलंड आठवून ठरवा.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग काहीच करता येत नाही का? तसं नाही. खाण्या-राहण्याचा संबंध आहे हे तर १९६० च्या दशकापासून दिसतंय. जपानमध्ये हा कॅन्सर फार कमी होता. तिथून हवाई आणि कॅलिफोर्नियाला गेलेल्या कुटुंबांत तो वाढत गेला. आपल्याकडेही १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. म्हणून आज आपल्याला तुलना तरी करता येते. भारतात हे प्रमाण अमेरिकेच्या मानाने कैक पटींनी कमी आहे, आणि तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांत ते इथल्यापेक्षा जास्त दिसतं. यातला काही भाग जेवणाचा, वजनाचा. काही भाग तिथे टेस्ट जास्त होतात याचा. दोन्ही वेगळे काढणं सोपं नाही. पण पुणे-मुंबईसारख्या शहरांत हा पुरुषांच्या पहिल्या काही कॅन्सरमध्ये आलाय, आणि आपली माणसं आता जास्त जगतायत. तेव्हा हा फक्त गोऱ्यांचा आजार राहिलेला नाही.

ज्या गोष्टींबद्दल पुरावा बऱ्यापैकी टिकून राहिलाय त्या मात्र बाटलीत भरता येत नाहीत. लठ्ठपणाचा संबंध पुढच्या टप्प्यातल्या, म्हणजे पसरणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरशी आहे. सिगारेट ओढणारे या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जास्त आहे. वडील किंवा भाऊ यांना झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो, आणि बीआरसीए-२ नावाच्या जनुकात बिघाड असेल तर तो बराच वाढतो. हा तोच जनुक, ज्याचं नाव आपण बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऐकतो. म्हणजे आईकडच्या मावशीची हिस्टरीसुद्धा तुमच्या प्रोस्टेटसाठी महत्त्वाची. हे किती मुलांना माहीत आहे?

पीएसए टेस्ट करावी का, यावरही लंबक हेलकावे खात आलाय. युरोपातल्या सात देशांत दीड लाखाहून जास्त पुरुषांवर झालेल्या अभ्यासात २००९ मध्ये दिसलं की तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात. पण एक मृत्यू टाळायला १,४१० जणांना तपासावं लागत होतं आणि ४८ जास्तीच्या लोकांवर उपचार करावे लागत होते. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये 'करू नका' सांगितलं; २०१८ मध्ये '५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा' असं केलं. मधल्या काळात एक मोठी गोष्ट बदलली: कमी आक्रमक गाठ सापडली तर लगेच न कापता तिच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं, हे आता रुळलंय. थोडक्यात, बगचं तिकीट उघडून बाजूला ठेवायला माणूस शेवटी शिकला. वडील साठीला आले असतील तर लॅबचं पॅकेज परस्पर बुक करून टाकू नका, आधी त्यांना डॉक्टरांकडे बोलायला घेऊन जा.

आणि आता केसांची गोळी. १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडसुद्धा पीएसए खाली आणते, चाळिशी-पन्नाशीत जवळपास निम्म्यावर. २००७ मध्ये यावर अभ्यास छापून आलाय. म्हणजे आज पंचविशीत सुरू केलेली गोळी कुणी पन्नाशीपर्यंत घेत राहिला आणि तेव्हा पीएसए केली, तर खरा ४ असलेला आकडा कागदावर २ दिसेल आणि सगळे म्हणतील, छान, नॉर्मल. डॉक्टर विचारतात 'काही औषधं चालू आहेत का', तेव्हा बीपीची सांगितली जाते, केसांची सांगितली जात नाही. ती सांगा. या गोळीने काहींना लैंगिक तक्रारी होतात, त्या पीसीपीटीतही दिसल्या होत्या. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावायचा नाही, कारण पोटातला मुलगा असेल तर सालिनासमधल्या मुलांसारखाच परिणाम त्याच्यावर होऊ शकतो.

पीसीपीटीतल्या त्या पुरुषांचं पुढे काय झालं, हे राहिलं. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. २०१३ मध्ये अठरा वर्षांचा हिशोब आला: दोन्ही गटांत लोक जवळपास सारखेच जगले होते. मग २०१९ मध्ये मृत्यूंची नोंद पुन्हा तपासली. प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले, कोऱ्या गोळीच्या गटात ५६, फिनास्टेराइडच्या गटात ४२. ज्या भीतीने गोळी अडली होती, ती भीती खरी असती तर आकडे उलटे असायला हवे होते. पण ५६ आणि ४२ मधला फरकही 'गोळीने जीव वाचतो' असं छातीठोकपणे म्हणण्याएवढा मोठा नाही. जवळपास १९ हजार माणसं, पाव शतक, आणि शेवटी वहीत चौदाचा फरक.

तुमच्या घरात कुणी 'प्रोस्टेट सपोर्ट'वालं काही घेत असेल तर लेबलवर व्हिटॅमिन ई किती युनिट लिहिलंय ते बघा आणि मला मेसेज करून सांगा. आकडे जमवतोय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.